तिसऱ्यांदा आठवी

"खोर झैनाच्या शाखेत नूतन मॅडमना पाठवू या. त्यांच्यामागे आता काही लायबिलिटी नाही," असं प्राचार्य मस्कतच्या स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, आणि कुणीतरी समोशांची प्लेट पुढे सरकवली. नूतनने एक समोसा उचलला. सगळ्यांसमोर, शांतपणे, कडेची जाड घडीसुद्धा न टाकता तो संपवला. राग तेव्हा आला नाही. तो आला माबेलाच्या रस्त्यावर, संध्याकाळच्या गाड्यांच्या रांगेत, पहिल्या गिअरमध्ये. लायबिलिटी म्हणजे प्रसाद, जो दुक्मला रिफायनरीच्या कामावर होता आणि दोन महिन्यांतून एकदा येऊन दोन दिवस झोपायचा. लायबिलिटी म्हणजे मैथिली, जिला नववीपासून पुण्याला आत्याकडे ठेवली होती आणि जी आता बारावी झाली होती. दोघंही होती, जिवंत होती, पैसे पाठवत-मागत होती, फोनवर बोलत होती. तरी मीटिंगमध्ये तेरा माणसांसमोर जे सांगितलं गेलं ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला झटकून टाकता येईना. बाकीच्या शिक्षिकांपैकी एकीचा मुलगा दहावीत होता, एकीची सासू व्हिजिट व्हिसावर आलेली, एकीला स्लिप डिस्क. प्रत्येकीकडे न जाण्याचं कारण होतं आणि ते कारण त्या पर्ससारखं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नूतनचे हात रिकामे होते. सिग्नलला थांबल्यावर तिने फोनवरून एका ओळीचा होकार पाठवला. दार आपटल्याचा आवाज येत नाही अशा मेलमध्ये, हे तिला नंतर जाणवलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती फेरीबोटीतून खोर झैनाला उतरली. जमिनीवरून यायचं तर मधे दुसरा देश लागतो. ओमानमधून ओमानमध्ये जायला दोन सीमा, दोन शिक्के, व्हिसाची कटकट. म्हणून बोट. धक्क्यावर उभं राहिलं की डोंगर थेट पाण्यात उतरलेले दिसत, पायथा नसलेले, जणू कुणी घाईने आणून ठेवलेले. एक बाजारपेठेची गल्ली, सरकारी वसाहत, खडी फोडणाऱ्या कंपनीचे कंटेनर, मशीद, मासळीचा लिलाव जिथे होतो ती पत्र्याची शेड आणि रस्त्यावर निवांत फिरणाऱ्या बकऱ्या. शाळा म्हणजे भाड्याचा बंगला. पहिली ते तिसरी हॉलमध्ये लाकडी पार्टिशन घालून, चौथी-पाचवी बेडरूममध्ये, ऑफिस जिन्याखाली. आठवी स्वयंपाकघरात. कंबरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, त्यांच्यावर खिळे ठोकून टांगलेला व्हाइटबोर्ड, एका कोपऱ्यात न काढलेलं सिंक. एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला पुठ्ठा लावलेला होता आणि वारा आला की तो पुठ्ठा आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा हलत असे. पहिल्या दिवशी ती तिथे उभी राहिली आणि तिला वाटलं, चौदा वर्षं शिकवल्यावर आपण पुन्हा स्वयंपाकघरात आलो. या विनोदावर हसायला कुणी नव्हतं. आठवीत सात मुलं होती.

पुस्तकं अजून मुंबईहून येणाऱ्या कंटेनरमध्ये होती, दर वर्षी असतात तशी. तिने पुस्तकाशिवाय विज्ञानाचा पहिला धडा सुरू केला, पिकांचा. या गावात माती नाही, पाऊस वर्षाकाठी चार तास, आणि सात मुलांपैकी एकानेही नांगर पाहिलेला नाही. तिने विचारलं, खरीप म्हणजे काय, कुणाला माहीत आहे का? मुलं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात सिंकजवळच्या मागच्या बाकावरून, हात वर न करता, एका उंच मुलीने उत्तर दिलं. खरीप, मग रब्बी, मग उदाहरणं, मग नांगरणीचे फायदे क्रमाने. इंग्रजीत, शांत आवाजात, दुसऱ्या कुणाला लिहून घ्यायला सांगावं तसं.

"पुस्तक आहे तुझ्याकडे?" नूतनने विचारलं.

"नाही मिस. पाठ आहे." मग थोडं थांबून, "त्या चित्रात नांगरणाऱ्या माणसाला सावली नाहीये. बैलांना आहे. माणसाला काढायला विसरलेत."

पुढच्या बाकावरचा हमझा मागे वळून म्हणाला, "मिस, शी इज परमनंट मेंबर. थर्ड टाइम एट्थ." सगळी हसली. मुलगीही हसली. ते हसणं नूतनच्या लक्षात राहिलं, कारण त्यात लाज नव्हती. एखाद्या दुकानात बरीच वर्षं काम केलेल्या माणसाला गिऱ्हाईक त्याच्या उंचीवरून चिडवतं तेव्हा तो हसतो, तसं काहीसं. मुलीचं नाव अफशीन होतं.

तिला आधी वाटलं, नापास. मग आठवलं, आठवीपर्यंत कुणालाच नापास करता येत नाही; वर्षानुवर्षं त्या नियमावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी दात-ओठ खाल्लेले होते. मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली गेली. शाखेचे प्रमुख गुरुदत्त सर मूळचे कारवारचे. त्यांच्या टेबलावर छोटा पंखा असे आणि तो ते स्वतःकडे आणि समोरच्याकडे आळीपाळीने वळवत.

"मार्क काढा तिचे," नूतन म्हणाली.

"कशाला काढायचे? मला पाठ आहेत. एक्क्याण्णव, आणि गेल्या वर्षी चौऱ्याण्णव. सुधारणा आहे." ते हसले. "मॅडम, यल्ला, बसा आधी. पहिल्याच आठवड्यात तलवार काढू नका. आपल्याकडे नववी नाही. आईची रिक्वेस्ट आहे, मुलगी बसू दे. फी वेळेवर देतात. पोरगी कुणाला त्रास देत नाही, लहानांना गणितं शिकवते. आणि खरं सांगू? सातच्या खाली संख्या गेली तर हेड ऑफिस आठवी बंद करणार. मग उरलेल्या सहा जणांनी कुठे जायचं? एकीमुळे सहा शिकतात. हा हिशेब वाईट आहे का?"

"आणि ती?"

"ती काय? ती खूश आहे. विचारा तिला."

पंखा तिच्याकडे वळला, मग पुन्हा त्यांच्याकडे. नूतनला त्या माणसाचा राग आला तो त्याच्या हसण्यामुळे नाही. त्याच्या बोलण्यात कुठेही खोट सापडत नव्हती म्हणून. अशी माणसं तिने मस्कतमध्ये भरपूर पाहिली होती. कुणाचंही वाईट न करता सगळ्यांची सोय लावणारी, आणि त्या सोयीच्या खाली नेमकं एक माणूस दाबून ठेवणारी. तिला तिचा समोसा आठवला.

पुढचे काही दिवस ती त्या मुलीकडे न बघण्याचा प्रयत्न करत शिकवत राहिली आणि ते जमलं नाही. ती बोर्डाकडे वळली की तिला पाठीवर जाणवायचं की मागे कुणीतरी पुढचं वाक्य ओळखून बसलं आहे. चौदा वर्षांत तिची आठवीची काही ठरलेली वाक्यं झाली होती. ठरलेले विनोद, ठरलेल्या ठिकाणी थांबणं. यीस्टने फुगलेलं पीठ म्हणजे मैदा नव्हे, जिवंत प्राण्यांची वस्ती, असं म्हटलं की पोरं 'ईईई' करत, दर वर्षी. आता ते वाक्य जिभेवर आलं की तिला आधी त्या मागच्या बाकाचा विचार यायचा. एकदा तिने ते वाक्य गिळलं आणि काहीतरी भलतंच बोलली, आणि अफशीनने मान वर करून पहिल्यांदा उत्सुकतेने पाहिलं. नवीन काहीतरी ऐकायला मिळालं, असं. त्या नजरेनेच तिला सर्वांत जास्त चीड आली. एखाद्या तहानलेल्या माणसाने ओठ न हलवता बसून राहावं तशी ती बसली होती, आणि सगळं गाव त्या शांतपणाचं कौतुक करत होतं.

मग अफशीनच्या आईचं, खुदेजाचं, बोलावणं आलं. अफशीनच निरोप घेऊन आली, "अम्मी म्हणते, शुक्रवारी जेवायला या. ती म्हणते, मराठी टीचर पहिल्यांदा आली." बाजारातले कोकणी दुकानदार पोरांशी इंग्रजी, गिऱ्हाइकाशी अरबी आणि एकमेकांशी हिंदी बोलत, नूतनशी मराठी बोलायला ते आधी थोडे अवघडले होते. खुदेजा अवघडली नाही. दार उघडलं तेव्हापासून ती बोलतच होती. हर्णैजवळच्या गावची, लग्न झाल्यावर इथे आली ती इथेच, घरात ओढणीखाली वेणी सोडलेली, हात सतत हलते. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, कैरीच्या कापलेल्या फोडींचा ढीग. "खा ओ बाई, शाळेत काय मिळतंय तुमाला, त्या गुरुदत्ताकडे पंका तेवडा हाय." अफशीन वाढत होती, आणि वाढताना आईचं बोलणं मधेच उचलून पुढे न्यायची, मग आई तिचं उचलायची. शेजारच्या ओमानी म्हातारीची बकरी जिन्यावर चढून दुसऱ्या मजल्यावर गेली आणि उतरेचना, ती गोष्ट दोघींनी मिळून सांगितली. एकीने बकरीचं, दुसरीने म्हातारीचं. कुठे कोण बोलतंय हे वेगळं करता येत नव्हतं. डॉक्टरकडे काय सांगायचं, टीव्हीवर काय चाललंय, म्हातारी अरबीत काय ओरडत होती, हे सगळं आईला मुलीच्या तोंडून कळत असे. हे घर त्या मुलीच्या बोलण्यावर चालत होतं, दुसऱ्या कुठल्या घरात विजेवर चालतं तसं.

अफशीन ताटं घेऊन आत गेली तेव्हा खुदेजा पुढे झुकली. "तुमाला सांगते. तिचा बाप म्हणतो, पास झाली की रत्नागिरीला, फुफीकडे. हाफिजा माझी नणंद, शाळेत मास्तरीण हाय, चांगली हाय बिचारी. पण मी इथं कुणाशी बोलू? सगळ्या बाया आपापल्या भाषेच्या. हा सकाळी जातो तो रातच्या इशाच्या नमाजानंतर येतो, आणि आल्यावर मासळीचा भाव बोलतो." ती हसली, तोंडावर ओढणी घेऊन, शाळकरी मुलीसारखी. "मी सांगितलंव त्याला, नापास झाली. दोनदा. त्याने कागद पण बघितला नाय. पोरीला वाईट वाटंल म्हणून बघत नाय. कुणाला सांगू नका हां बाई. तुमी आमच्यातल्या."

तुमी आमच्यातल्या. नूतन घरी चालत आली तेव्हा दुपारची गल्ली रिकामी होती आणि सगळ्या शटरांना कुलपं होती. आमच्यातल्या म्हणजे कुणातल्या? भाषेतल्या, बायकांतल्या, की पोरीची वर्षं चटणीसारखी वाटून खाणाऱ्यांतल्या? तिने ती सुरमई खाल्ली होती, तीन तुकडे, आणि आता ती चव तोंडातून जात नव्हती. तिला त्या घराची आठवण नको होती. तरी आठवण येत होती ती नेमकी बकरीच्या गोष्टीची, दोन आवाजांची. मैथिली चौदाची होती तेव्हा विमानतळावर एकदाच म्हणाली होती, "मला नाही जायचं." एकदाच, ट्रॉलीच्या दांड्याकडे बघत. आणि नूतनने कारणं दिली होती. इथे अकरावीला चांगलं कॉलेज नाही, क्लासेस नाहीत, स्पर्धा कळत नाही, तिकडे आत्या आहे, गणिताचे सर आहेत. ती सगळी कारणं बरोबर होती. आजही ती त्यातलं एकही खोडू शकली नसती. मैथिलीने मान हलवली होती आणि मग काचेपलीकडे ती रांगेत उभी राहिली, आणि नूतनने हात हलवला, आणि मुलीने फोनमधून मान वर केली नाही. आता फोन केला की, "आई, आत्ता नको ना. लेटर." लेटर केव्हा येतं ते नूतनला कधीच कळलं नाही. त्या दिवशी माबेलाच्या फ्लॅटमध्ये परत आल्यावर प्रसादने टीव्ही लावला होता आणि तिने सगळ्या चादरी धुवायला टाकल्या होत्या. त्या बाईने, त्या ओढणीवालीने, नूतनला जे करायचं सुचलंही नव्हतं ते करून टाकलं होतं. सुचलंही नव्हतं. नूतन रस्त्यात थांबली. समोरच्या डोंगराकडे बघत तिने स्वतःला ठणकावून सांगितलं, हा गुन्हा आहे, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, कुणाच्या एकटेपणापायी पोरीला फळीवर ठेवायचं म्हणजे काय. ते खरं होतं. तरी छातीत जे होतं ते एवढ्या खऱ्यापेक्षा जास्त होतं, आणि त्याचं नाव तिला त्या उन्हात घ्यायचं नव्हतं.

ती अफशीनच्या बापाच्या, महमूदच्या दुकानात गेली ती कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी. असं तिने स्वतःला सांगितलं आणि ते खरंही होतं. दोरी हवी होती. दुकानात जाळी, गळ, बोटीचा निळा रंग, इंजिनाचे पट्टे, आणि या सगळ्याला चिकटलेला डिझेलचा वास. अर्बाबचा, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाचा, फोटो काउंटरच्या वर, त्याखाली महमूद. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. त्याने स्टूल पुसून दिलं, फ्रिजमधून ताकाची बाटली काढली, नको म्हटलं तरी उघडली.

"टीचर, बरं झालं आलात. मीच येणार होतो." तो दोरी मोजायची सोडून काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "माझी पोरगी तुमच्या वर्गात आहे. अफशीन. जरा सांभाळून घ्या. डोक्याने थोडी कमी आहे."

नूतनने ताकाची बाटली काउंटरवर ठेवली.

"मनाने चांगली आहे. घरात सगळं करते. फक्त अभ्यास तिच्या डोक्यात जात नाही. ओरडू नका एवढंच. मी पण कधी ओरडलो नाही. माझ्या बहिणीला बोललो, हाफिजाला, ती म्हणते काही मुलं हळू चालतात, ठीक आहे. हळू तर हळू."

इथे ती गप्प बसू शकली असती. नंतर, कितीतरी वेळा, तिने हा क्षण हातात धरून उलटासुलटा केला आणि त्याला कुठे पकडावं ते तिला सापडलं नाही. 'कमी' हा शब्द तिला सहन झाला नाही, हे खरं. त्या मुलीला कुणी कमी म्हणावं, तेही तिच्या बापाने, इतक्या प्रेमाने; त्या प्रेमाने हे खोटं जास्तच घाणेरडं होत होतं. पण एवढंच नव्हतं. तिला ते घर फोडायचं होतं. दोन आवाजांतला एक काढून घ्यायचा होता. हे तिला बोलण्याच्या आधी कळलं होतं की नंतर, एवढंच तिला ठरवता येत नव्हतं.

"कमी?" ती म्हणाली. "तुमच्या मुलीला चौऱ्याण्णव टक्के आहेत. त्याआधी एक्क्याण्णव. ती कधीच नापास झालेली नाही. आठवीत कुणाला नापास करतच नाहीत, महमूदभाई. नियमच नाही तसा. तुम्ही एकदा तरी रिपोर्ट बघायचा होता."

महमूदने दोरीचं वेटोळं उचललं आणि पुन्हा सुरुवातीपासून गुंडाळायला घेतलं. बाहेर एक पिकअप बर्फ घेऊन गेली आणि तिच्यामागे पाण्याची ओली रेघ रस्त्यावर उरली.

"दोनदा?" त्याने विचारलं.

"दोनदा."

"मी तिला म्हणायचो, पुढच्या वर्षी होशील, इन्शाल्ला. ती हसायची." तो वेटोळं घालत राहिला. "मी गावाला सांगितलं, भावांना सांगितलं, पोरगी ढ आहे, आमच्यात असतंच एखादं. हाफिजाने दोन वर्षं खोली तयार ठेवली आहे. चादर बदलते महिन्याला, मला सांगते फोनवर. आणि ती हसायची. तिला काय वाटत असेल, टीचर? बाप किती मूर्ख आहे?"

त्याने दोरी कागदात बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. नूतनने नोट काउंटरवर ठेवली तर ती त्याने उचलून तिच्या पिशवीत घातली, रागाने नाही, कुणाचा हिशेब मिटवावा तशी. "खलास," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

पुढे सगळं पटकन झालं, जणू ते दोन वर्षं दाराशी उभंच होतं. मंगळवारी दुकान बंद. बुधवारी गुरुदत्त सरांनी तिला जिन्याखाली बोलावलं, पंखा स्वतःकडेच ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, झालं समाधान? सहा उरले. आता मी हेड ऑफिसला काय कळवू? नूतन मॅडमच्या सत्यनिष्ठेमुळे आठवी सातवीला जोडत आहे?" तिने सांगितलं, कळवा, तसंच कळवा. त्यांनी डोकं हलवलं. "तुम्ही लोक मस्कतहून येता. आम्ही इथे राहतो." यावर तिच्याकडे उत्तर होतं, चांगलं तिखट, आणि ते तोंडात घेऊन ती वर्गात गेली आणि बराच वेळ ते कुणावर थुंकावं याचा विचार करत राहिली.

गुरुवारी, शेवटच्या तासानंतर, अफशीन आली. युनिफॉर्म घातला नव्हता. जीन्स, लांब कुडता, डोक्यावर ओढणी. उद्याच्या बोटीने मस्कत, मग मुंबई, अब्बा सोडायला येणार. तिने हे सगळं निरोप दिल्यासारखं सांगितलं. नूतनला वाटलं, आता ती आभार मानेल. हे वाटल्याची लाज नंतर वाटली. त्या क्षणी ती हात पुढे करायच्या तयारीत होती, शुभेच्छांची वाक्यं जिभेवर रांगेत उभी होती.

"मिस, यू डिड नॉट आस्क मी," अफशीन म्हणाली.

"काय?"

"तुम्ही अम्मीला विचारलंत, सरांना विचारलंत. अब्बांना सांगितलंत. मला नाही विचारलं." तिचं मराठी अडखळत होतं, ती ते मुद्दाम बोलत होती, टीचरला नीट लागावं म्हणून. "मी या वर्षी स्वतः सांगणार होते त्यांना. ईदनंतर. मी अम्मीला वाचायला शिकवत होते. अरबी नाही, इंग्लिश पण नाही, मराठी. म्हणजे मी गेल्यावर ती फोनवर मेसेज वाचेल. आम्ही अर्ध्यात होतो."

"मला माहीत नव्हतं," नूतन म्हणाली.

"हो. कारण तुम्ही नाही विचारलं." ती रागावलेली होती; इतके दिवस ज्या शांतपणाचं सगळ्यांना कौतुक होतं तो गेला होता, आणि तिचा चेहरा पहिल्यांदा तिच्या वयाचा दिसत होता. नूतनला काहीतरी म्हणायचं होतं. दोन वर्षं अर्ध्यात? कोण शिकवतं इतकं हळू? तुला जायचंच नव्हतं, तुलाही, खोटं बोलू नकोस. हे सगळं तिच्या मनात आलं आणि त्यातलं बरंचसं खरंही असेल. पण समोरच्या मुलीचा राग तिच्या सगळ्या रागांपेक्षा स्वच्छ होता. तो तिला ओलांडता येईना. "व्हॉट वुड यू हॅव सेड?" तिने अखेर विचारलं. "विचारलं असतं तर?"

"आय डोन्ट नो," अफशीन म्हणाली. "आता ते कसं सांगू?" आणि ती गेली.

शुक्रवारी नूतनने बोटीचा भोंगा घरातून ऐकला. धक्क्यावर जायचं तिने ठरवलं नव्हतं आणि न जायचंही ठरवलं नव्हतं. ती नळाशी उभी राहून भांडं घासत राहिली, घासून झालेलंच. मग तिने मैथिलीला फोन केला. रिंग पूर्ण वाजली. थोड्या वेळाने मेसेज आला, लेक्चरमध्ये आहे. पुण्यात शुक्रवारी लेक्चर असतं हे ती विसरली होती. तिने लिहिलं, तुला तेव्हा काय म्हणायचं होतं विमानतळावर, आणि ते खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आता ते कसं सांगू. शेवटी तिने लिहिलं, जेवलीस का. उत्तर आलं, अंगठा.

रविवारी सकाळी ती वर्गात गेली तेव्हा सहा मुलं होती आणि सिंकजवळच्या बाकावर खुदेजा बसली होती. काळा अबाया, हातात काही नाही. बाक तिला लहान पडत होता. गुडघे बाजूला काढून ती बसली होती, पाठ ताठ. मुलं कुजबुजत नव्हती. हमझासुद्धा समोर बोर्डाकडे बघत होता, ज्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"तुम्ही इथे?" नूतन म्हणाली.

"जागा रिकामी हाय."

"असं नाही बसता येत. सरांना विचारावं लागतं. हा वर्ग आहे."

"वर्गच हाय ना, मंग? दोन वर्षं माझी पोर बसली तेव्हा सरांना चाललं." खुदेजाचा आवाज चढला नाही. तो आतून कुठेतरी घट्ट आवळलेला होता. "मी घरी काय करू? भिंतीशी बोलू? त्या म्हातारीच्या बकरीशी बोलू? तुमाला बोलता येतं ना माझ्याशी? तुमी नेलीत तिला. आता तुमी बोला. मी ऐकते."

नूतन बॅग टेबलावर ठेवून उभी राहिली. तिला बाहेर जाऊन गुरुदत्त सरांना बोलावता आलं असतं. ते आले असते, हसले असते, सगळ्यांची सोय लावली असती. खुदेजाला हाताला धरून उठवता आलं असतं. ओरडता आलं असतं. तिच्याजवळ बरंच साठलं होतं, आणि ही बाई त्या सगळ्याच्या नेमकी समोर बसली होती. खुदेजाही तयार होती. ती त्यासाठीच आली होती बहुतेक. तिच्या मुठी बाकावर होत्या, पांढऱ्या पडलेल्या. आपण दोघी आत्ता एकमेकींवर ओरडलो तर या गावात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याशी खरं बोलेल, असं नूतनच्या मनात येऊन गेलं. पुठ्ठा आत गेला, बाहेर आला.

तिने हजेरी काढली. दाखला अजून निघाला नव्हता, त्यामुळे पहिलं नाव तसंच होतं. तिला ते गाळता आलं असतं.

"अफशीन महमूद," ती म्हणाली.

यादीत तिच्यानंतर असलेल्या अरमानने मागे वळून पाहिलं आणि लगेच पुन्हा समोर पाहिलं.

"हजर," खुदेजा म्हणाली.

नूतनने मान वर केली नाही. पेनचं टोक त्या चौकोनावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत होता. 

"अरमान," ती म्हणाली.